भुईआवळा की सिलिमरिनची गोळी?
फॅटी लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की खानापूर-निपाणीकडे हाच प्रश्न पडतो. भुईआवळा पावसाळ्यात बांधावर फुकट मिळतो. फांदी उलटली की पानांखाली मोहरीएवढी फळं ओळीनं दिसतात, तीच खूण. पण तणनाशक मारलेल्या उसातला उपटू नका. शिवाय दर काढ्याची ताकद वेगळी.

सिलिमरिन म्हणजे मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतला अर्क. तो पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्या बियांचा चहा वाया जातो. गोळी सहसा १४० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन-तीनदा. खर्च येतो, पण मात्रा नक्की.

पुरावा दोन्हींचा तोकडाच, ७ ते १० टक्के वजन उतरवणं त्याहून भारी. मोजून मात्रा हवी त्यानं गोळी, ओळखीचा ताजा पाला मिळतो त्यानं थोडे दिवस भुईआवळा. मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डोळे पिवळे दिसले तर दोन्ही बाजूला ठेवून आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करा.