एमडीएडीएम की झेडपूल?
लिनक्सवर डिस्कांचा रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली मांडणी, उभारायचा तर हात बहुतेकदा या दोन कमांडकडेच जातो. एमडीएडीएम हलकं, कर्नलमधल्याच (लिनक्सच्या गाभ्यातल्याच) रेडवर चालणारं. पण अ‍ॅरे म्हणजे जोडलेल्या डिस्कांचा संच बनवून झाल्यावर फाइल सिस्टिम वेगळी घालायची, कॉन्फिग फाइलमध्ये नोंद करायची. नोंद करायची राहिली की रीबूटनंतर संचाचं नाव एमडी-० चं एमडी-१२७ होऊन बसतं. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली. झेडपूल हे झेडएफएस या फाइल सिस्टिमचं साधन. त्याच्या एकाच कमांडमध्ये पूल (डिस्कांचा संच) बनतो, माउंटही होतो, म्हणजे लगेच वापरता येतो.

खरा फरक स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणी, चालवल्यावर कळतो. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवतं, म्हणून मिररमधली, म्हणजे एकच डेटा एकाहून जास्त डिस्कांवर ठेवला असेल तर त्यातली, कुठली प्रत बिघडली ते ओळखून दुरुस्तही करतं. एमडीएडीएमच्या मिररमध्ये प्रती जुळत नाहीत एवढंच समजतं, खरी कोणती ते नाही.

झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) मात्र कर्नलबाहेरचं, त्यामुळे कर्नल अपडेट करण्याआधी जुळतंय का ते बघा. घरचे फोटो मी झेडएफएसवरच ठेवते.