मुलांसोबत फिरताना गाडीतलं सामान: सीटमागचा ऑर्गनायझर घ्यावा की झाकणाचा डबा?

मुलगी 8 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा, वॅगनआर सीएनजी, आणि महिन्यातनं एखादी तरी चक्कर मुळशी, भोर नाहीतर थेट दिवेआगर. गाडीत काय काय ठेवायचं ते आईबाप झालेल्यांना मी सांगायला नको, वाइप्स, पाणी, कपड्यांचा जोड, खाऊ, ओआरएस वगैरे. माझं डोकं खाल्लं ते हे सगळं ठेवायचं कशात या प्रश्नानं. डिकीचा विषय पहिल्याच दिवशी संपला कारण तिथं सीएनजीची टाकी, उरलेल्या जागेत बॅगा कोंबल्यावर खालची वस्तू निघतच नाही. टाटाच्या काही गाड्यांत आता टाकीचे दोन छोटे सिलिंडर करून फ्लोअरखाली टाकलेत, तशी गाडी असेल तर डिकी मोकळी मिळेल, पण चालत्या गाडीत हात कुठे पोचणार तिथं.

म्हणजे पर्याय दोनच, सीटच्या पाठीला टांगायचा कप्प्यांचा ऑर्गनायझर किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा. मी दीड वर्ष ऑर्गनायझर वापरला आणि आता वर्षभर डबा वापरतोय.

ऑर्गनायझरबद्दल वाईट बोलवत नाही खरं तर. साडेपाचशेला घेतला होता, नीट शिवलेला, सात-आठ कप्पे, पुढच्या सीटला लाथा बसतात त्याचे डाग सीटऐवजी त्यावर पडतात हा फायदा तर कुणी सांगतच नाही. मुलगी स्वतःची बाटली स्वतः काढायची, चित्रकलेची वही ठेवायची. शनिवारवाड्यापर्यंत किंवा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत जायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं काही नाही असं मला अजूनही वाटतं.

पण एका जुलैत आम्ही ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो, पाऊस धो धो, धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतायत, आणि मुळशीच्या धरणाची कड संपून वळणं सुरू झाली तसा धाकटा म्हणाला, बाबा कसंतरीच होतंय. ज्यांची मुलं गाडी लागणारी आहेत त्यांना माहितीये की या वाक्यानंतर फार तर मिनिटभर मिळतं. थांबायला जागा नाही, मागे एसटी. बायको पुढे बसलेली, आणि ऑर्गनायझर तिच्याच सीटच्या पाठीला, म्हणजे तिला स्वतःच्या पाठीमागे उलटा हात घालून न बघता चाचपायचं, आणि ज्याला पिशवी हवी तो बेल्टमध्ये बांधलेला, त्याचा हात तिथवर पोचत नाही. बेल्ट सोडायचा प्रश्नच नव्हता, घाटात तर नाहीच. शेवटी मुलीनं वाकून कप्प्यातनं पिशव्या काढल्या तर एकात शाळेतले चिंचोके, दुसरीत वाळलेली पानं, तिसरी पिशवी नव्हतीच. वाइप्सचं पाकीट उघडं राहून उन्हानं कधीच सुकलेलं. पुढे काय झालं ते सांगत नाही, विळ्याला टपरीवाल्या मावशींनी बादलीभर पाणी दिलं, त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

मुलीचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कप्पे रोज तिच्या डोळ्यासमोर, शाळेत जाता-येता हाताशी, ती ते वापरणारच. पण मला खटकलं ते हेच. ऑर्गनायझर कायम गाडीत टांगलेला असतो म्हणून रोजच्या रोज थोडा थोडा रिकामा होत जातो आणि बाहेरून तो भरलेलाच दिसतो. मी दर शुक्रवारी सगळे कप्पे तपासायचं ठरवलं, दोन आठवडे केलं, मग राहिलं. तुम्ही शिस्तीचे असाल तर तुम्हाला हा त्रास कदाचित होणारही नाही.

त्यानंतर बोहरी आळीतनं दोन्हीकडे क्लिप असलेला डबा आणला, साधारण सव्वा फूट लांब आणि बुटका. तो गाडीत राहत नाही, घरी चपलांच्या रॅकवर राहतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. बाहेर जायच्या आदल्या रात्री भरायचा, आल्यावर रिकामा करून पुसायचा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी गाडी आतून किती तापते ते सगळ्यांना माहितीये, तापाच्या सिरपवर 30 अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं आणि मी ते दीड वर्ष त्या कप्प्यात ठेवत होतो, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. आता औषधं डब्यासोबत घरात येतात, सॅनिटायझरही.

गाडीत डबा ठेवतो मागच्या सीटच्या पुढे, खाली, दोन मुलांच्या मधे. सीटवर कधीच नाही, जोरात ब्रेक लागला तर तो उडेल. तिथं ठेवला की पुढे बसलेला माणूस नुसता मागे वळून दोन सीटमधून हात घालून झाकण उघडू शकतो, आणि आत काय आहे ते दिसतं. सगळ्यात वर छोट्या गार्बेज बॅगा, प्रत्येकीत वर्तमानपत्राचा अर्धा कागद घडी करून, म्हणजे ओल शोषली जाते. त्याखाली जुना पंचा, ओला रुमाल झिपच्या पिशवीत, आलेपाक, एक लिंबू, खायचा सोडा (सीटवर भुरभुरवून ठेवला की वास बराच जातो), 1 लिटरच्या ओआरएसची दोन पाकिटं. लागण्याची गोळी आमच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलीये, तुम्हीही विचारूनच द्या.

डब्याचेही त्रास आहेतच. मागे आई बसली की तिच्या पायाला अडतो, मग तो बायकोच्या पायाशी जातो. मधे उंचवटा असलेल्या गाडीत तो डुगडुगेल असं वाटतं, आमच्या गाडीत तेवढं जाणवत नाही. आणि विसरायची भीती, एकदा खरंच घरी राहिला आणि पिरंगुटहून परत फिरलो. तेव्हापासून गाडीची चावी रात्री डब्यावरच ठेवतो.

मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, गाडी लागत नसेल, किंवा मागे कायम तिघं मोठे बसत असतील तर ऑर्गनायझर घ्या, वाईट नाही. पण लहान मूल, घाटाचा रस्ता आणि उन्हात पार्किंग यातलं काहीही असेल तर माझा कल डब्याकडेच जाईल. ऑर्गनायझर आम्ही फेकला नाही, तो मुलीला देऊन टाकला, त्यात आता वह्या, पेन्सिली आणि चिंचोके असतात. ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात मात्र दोन पिशव्या कायम असतात आणि त्यांना हात लावायचा नाही हे धाकट्यालासुद्धा पाठ झालंय.