आठवड्यातून एकदा भरणारी ए.ए.ची सभा खेड्यातल्या माणसाच्या किती कामाची?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलीत ए.ए., १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचं, एवढंच तिचं काम. सभा चांगलीच असते. अडचण असते ती पुढच्या सहा दिवसांची, आणि ती सोय आपली आपण करावी लागते.

नव्या माणसाला तिथे ९० दिवसांत ९० सभा करायला सांगायची पद्धत आहे. नागपुरात ते कसंबसं जमेल. तालुक्याच्या गावी आठवड्याला एकच सभा असेल, तर तेवढ्या दिवसांत १२-१३ होतात. म्हणून पहिल्या सभेतून निघताना किमान तिघांचे फोन नंबर घ्यावेत. एकाचाच घेतला तर तो नेमका ओलिताला गेलेला असतो आणि शेतात रेंज नसते. तलफ साधारण अर्ध्या तासात ओसरते; तेवढा वेळ बोलायला कुणीतरी हवं. मोबाइलवर ऑनलाइन सभाही होतात. मधल्या दिवसांत त्या चालतात, पण घरात एकच खोली असेल तर बोलणार कुठे?

खर्च म्हणाल तर एसटीचं भाडं. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, फोटो नाही. शेवटी वर्गणीचं भांडं फिरतं, पण नव्या माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही. सोडायची इच्छा ही एकच अट. सभा तास-दीड तासाची. सतरंजी, चहाची किटली, एकेकाने आपलं बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर नुसतं बसावं. प्रार्थना होते, देवाचं नाव निघतं. ज्याला ते पटत नाही त्याला सुरुवातीला जड जातं. एका सभेवरून मत बनवू नये, चार-पाच कराव्यात. खुल्या सभेला घरचे येऊ शकतात, बंद सभा फक्त पिणाऱ्यांची. बायकोसाठी, आईसाठी अल-अ‍ॅनॉन हा घरच्यांचा गट वेगळा असतो, पण खेड्यापाड्याकडे तो क्वचित सापडतो. पिणाऱ्या बाईची कुचंबणा आणखी मोठी, कारण सभेत बहुतेक पुरुषच असतात.

शोधायचं कसं? ए.ए. जाहिरात करत नाही, पाटीही बऱ्याचदा सभेपुरतीच लागते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं, किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला. पत्ता मिळाला तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी. खेड्याकडचा गट दोन-तीन जुन्या माणसांच्या जिवावर चालतो. कापूस वेचणीत तेच अडकले की खोलीला कुलूप. आणि गट निवडताना आधी शेवटची एसटी किती वाजता ते बघा. सभा आठला सुटते आणि गाडी साडेसातला जाते, अशा गटाला माणूस दोनदा येतो, तिसऱ्यांदा नाही. आपल्याच गावातला गट सोयीचा वाटतो, पण बाहेर लावलेली मोटरसायकल कोणाची हे सगळ्या गावाला माहीत असतं. शेजारच्या तालुक्याचा, तोही बाजाराच्या दिवशी भरणारा गट असेल तर उत्तम. कुठे चालला हे कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र सभेच्या आधीची. सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो अशा माणसाने एकदम बंद करून थेट सभेत जाऊन बसू नये. शेवटच्या घोटानंतर ६-८ तासांत थरथर सुटते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम: भिंतीवर किडे दिसतात, घाम फुटतो, घरचं माणूस ओळखू येत नाही. याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवऋष्याकडे नेण्यात जीव जातो. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा आणि रोज पिणारा आहे हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देणं गरजेचं असतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असल्यामुळे लोक हे सांगायला भितात. भिऊ नये, उपचार मागणं गुन्हा नाही.

दारू सुटावी म्हणून भाजीत चोरून कालवायच्या पुड्यांचा नाद करूच नये. दारू सोडवण्याची गोळी डायसल्फिराम नकळत पोटात गेली आणि वरून दारू पडली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, सगळं एकदम होतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

गडचिरोलीकरांना आणखी एक दार आहे: २०१६ पासून चालणारं मुक्तिपथ, म्हणजे जिल्ह्यातलं दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान. त्यांचे तालुक्यांत दवाखाने आणि गावात शिबिरं होतात. औषध तिथून, सोबत सभेतून, अशी जोडी सगळ्यांत बरी. पिणाऱ्याला घरातून उचलून नेणाऱ्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रांपासून मात्र सावध राहावं. डॉक्टर कोण, नोंदणी आहे का, घरच्यांना कधी भेटू देतात, ही तीन उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर माणूस तिथे ठेवू नये.

आणि पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा, पिण्याचा दिवस, जवळ आली की आदल्या सभेतच सांगून ठेवायचं: त्या दिवशी दुपारपासून फोन चालू ठेवा, मी करणार आहे.