चेरोकी १८०: अकरा महिने, ९६ तास, चौघं

विमान घेऊन अकरा महिने झाले. लॉगबुकात ९६ तासांची भर पडली, त्यातले साठेक तास आम्ही चौघं मिळून उडालो. घेण्याआधी मी दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आणि तेव्हा मला हवी होती ती माहिती फार थोड्यांनी लिहिली होती: घरच्यांना घेऊन वर्षभर उडवल्यावर जुनं विमान कसं वाटतं? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

विमान १९६७ सालचं, पायपर चेरोकी १८०. चार सीट, खाली पंख, न मिटणारी चाकं, न बदलणाऱ्या कोनाचा प्रोपेलर आणि लायकॉमिंगचं १८० अश्वशक्तीचं ओ-३६० इंजिन. रंग उडालेला, सीटचं कापड विटलेलं. आम्ही पाहिलेल्या पाच विमानांत दिसायला हेच सगळ्यात डावं होतं.

सगळ्यात देखणं होतं त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण तिथेच मी फसणार होतो. नवा रंग, नवी सीट, आणि ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून पुन्हा बांधल्यावर, इंजिन चाललेलं फक्त ४१० तास. कंपनी ओव्हरहॉलसाठी २००० तास सांगते, म्हणजे अजून १६०० तास हातात, असा हिशेब मी मनात करूनही टाकला होता. मेकॅनिकने लॉगबुक उघडलं आणि तारखा वाचायला लावल्या. ते ४१० तास अठरा वर्षांत झाले होते, आणि मधली दोन वर्षं विमान हललंच नव्हतं. कंपनीच्याच शिफारशीत तासांबरोबर बारा वर्षांचीही मर्यादा आहे, हे मला माहीत होतं. त्यामागचं कारण माहीत नव्हतं.

कारण असं. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. इंजिन बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि उघड्या पोलादाला दमट हवा लागते. आधी बारीक गंज, मग खड्डे. इंजिन पुन्हा चालू लागलं की ते खड्डे टॅपेटचा, म्हणजे कॅमशाफ्टला टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तुकड्याचा, गुळगुळीत चेहरा खरवडत राहतात आणि लोखंडाचा कीस तेलात उतरतो. मेकॅनिकने ऑईल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या आणि लोहचुंबक फिरवला. चुंबकाला चकचकीत कण चिकटले. कॅमशाफ्ट डोळ्यांनी पाहायचा तर एक सिलिंडर उतरवावा लागतो. मालकाने त्याला नकार दिला. आम्ही तिथून निघालो. परत येताना गाडीत मी गप्प होतो, मन त्या विमानात अडकलेलं होतं. आज त्या मेकॅनिकचे मी मनापासून आभार मानतो.

आम्ही घेतलेल्या विमानाचं इंजिन त्या दिवशी १३५० तास चाललेलं होतं. आकडा मोठा, पण दरवर्षी शंभराहून जास्त तास, एकही महिना कोरा नाही, प्रत्येक ऑईल बदलाची नोंद आणि तेलाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचे सलग अहवाल. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब धरून ठेवण्याची ताकद, ८० पैकी ७४ ते ७८. बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहिले, कडेला एकसारखा जळका रंग होता, ही चांगली खूण. उरलेले तास कमी आहेत याचा हिशेब किमतीतच झालेला होता. चेरोकीच्याच घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांना मुख्य स्पारच्या (पंखातल्या आडव्या कण्याच्या) बोल्टची छिद्रं तपासण्याचा २०२१ पासून लागू झालेला सुरक्षा निर्देश आहे. तुम्ही बघत असलेलं मॉडेल त्यात बसतं का, आणि बसत असेल तर काम झालंय का, हे लॉगबुकात शोधा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता वजन. चार सीट म्हणजे चार माणसं असं जुन्या विमानात गृहीत धरता येत नाही. आमच्या विमानाचं कमाल वजन २४०० पौंड, म्हणजे १०८९ किलो, आणि रिकामं ६३१. उरतात ४५८. दोन्ही टाक्या भरल्या की १८९ लिटर पेट्रोलचे १३६ किलो गेले, राहिले ३२२. आम्ही चौघं कपड्यांसकट २२३. म्हणजे कागदावर ९९ किलो शिल्लक दिसतात, पण ते सगळे मागच्या कप्प्यात टाकता येत नाहीत. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्यावर तोललं जातं तो बिंदू, मागे सरकतो. त्यात मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. दोघं वाढणार. मी चार वर्षांनंतरची वजनं धरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हाही जमलं, म्हणून हे विमान घेतलं. चेरोकी १४० बाहेरून अगदी अशीच दिसते आणि स्वस्त मिळते, पण तिचं कमाल वजन ११३ किलोंनी कमी आहे आणि विमान स्वतः त्या मानाने हलकं नाही. दोघांसाठी छान, वाढत्या चौघांसाठी नाही. उन्हाळ्यात हा हिशेब आणखी आवळतो: २००० फुटांवरची धावपट्टी ३५ अंशांत विमानाला जवळपास ४९०० फुटांवर असल्यासारखी वाटते. अशा दुपारी मी चौघांना घेऊन निघतच नाही.

प्रवासाचा वेग ११५ ते ११८ नॉट, खप ताशी ३६ लिटरच्या आसपास. तासाभराचा साठा राखून चार तास उडता येतं, पण आमची मर्यादा दोन तासांची आहे. ती मुलांनी ठरवलेली आहे. पेट्रोल डावीकडून किंवा उजवीकडून, दोन्हीकडून एकदम नाही. दर अर्ध्या तासाला टाकी बदलायची. ते काम मुलीने घेतलंय. ती घड्याळ बघून सांगते, मी इलेक्ट्रिक पंप लावून टाकी बदलतो आणि ती वेळ लिहून ठेवते. फ्लॅपचा (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्यांचा) हाताने ओढायचा दांडा मला फार आवडतो, त्यात बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही. दार मात्र एकच, उजव्या पंखावर. मी आधी शिरतो, सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. म्हणून दाराच्या दोन्ही कड्या उघडण्याचा सराव बायको आणि दोन्ही मुलं डोळे मिटून करतात. पावसात दाराच्या जुन्या रबरातून पाणी गळून गालिचा भिजायचा. रबर बदलल्यावर थांबलं.

सहाव्या महिन्यात उघडी पडलेली चूक माझी. चौघं बसलो होतो, बॅगा बांधल्या होत्या. धावपट्टीआधीच्या तपासणीत मिनिटाला २००० फेऱ्यांवर दोन मॅग्नेटोंपैकी (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रांपैकी) डावा एकटा ठेवला, तर फेऱ्या ३०० ने पडल्या आणि इंजिन थरथरू लागलं. मर्यादा १७५ ची. मिश्रण पातळ करून, म्हणजे हवेत पेट्रोल कमी करून, मिनिटभर चालवलं, कारण पेट्रोलमधलं शिसं खालच्या स्पार्क प्लगवर साचलं असेल तर ते जळून जातं. थोडं सुधारलं, पुरेसं नाही. मुलगा मागून विचारत होता, ‘बाबा, निघालो का?’ मी इंजिन बंद केलं. दोन दिवसांनी मॅग्नेटो उघडला तेव्हा आतले पॉइंट झिजलेले निघाले. त्याची ५०० तासांची तपासणी ७२० तासांवर जाऊनही झालेली नव्हती. लॉगबुकात ते दिसत होतं. इंजिनच्या तारखा बघताना मी मॅग्नेटोच्या बघितल्या नाहीत. विमान घ्याल तेव्हा इंजिनला लटकलेल्या प्रत्येक वस्तूचे तास वेगळे मांडा. त्या दिवशी आम्ही गाडीने गेलो, उशिरा पोहोचलो, आणि बायको म्हणाली की आता तिचा या विमानावर जास्त भरवसा बसला.

घरच्यांसाठी चांगल्या हेडसेटवरचा खर्चही विमानाइतक्याच विचारपूर्वक करा. आवाज दाबणारे चार हेडसेट आल्यापासून मुलं उतरल्यावर चिडचिडी नसतात. आम्ही सकाळी लवकर निघतो, जमीन तापून हवा उसळायच्या आत. खाली येताना मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जास्त नाही, म्हणजे सहा हजार फूट उतरायला बारा मिनिटं. चोवीस मैल आधीपासून सुरुवात करावी लागते. मुलाचे कान त्यानंतर एकदाही दुखले नाहीत. केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते, तिथे बारीक चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि वास येत नाही. आकडा दाखवणारा, आवाज करणारा मीटर लावा. रंग बदलणाऱ्या चिकट पट्टीवर मुलांना घेऊन उडू नका. बायकोने प्रशिक्षकाबरोबर सहा तास घेतले. ती विमान सरळ धरते, रेडिओवर बोलते, धावपट्टीवर टेकवते.

खर्चाचं बोलायचं तर पहिल्या वर्षात दुरुस्तीवर खरेदीच्या रकमेचा पाचवा भाग गेला. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी उडा किंवा नका उडू, द्यावीच लागते. वर्षाला साठ-सत्तर तास जमणार नसतील तर दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर भागीत घ्या. विमान बसून राहण्यापेक्षा ते बरं. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून काही साधत नाही, उलट आत ओल धरते. तेल ७५ ते ९० अंशांवर तासभर राहिलं तर ती निघून जाते. म्हणून दर दहा दिवसांनी, कुठे जायचं नसलं तरी, मी एक तास उडून येतो. माझा हातही त्यात राहतो. तीन आठवड्यांच्या सुटीनंतरचं माझं पहिलं लँडिंग मलाच आवडलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तेलाचा चौथा नमुना पाठवला. पहिल्यात लोखंड दशलक्षात ३४ भाग होतं, यात २२ आलं. इंजिन आता १४४६ तासांवर आहे.