वारुळाएवढे डोंगर, तीन तऱ्हेचे मैल आणि फ्रेमवाल्यानं केलेला घोळ

आधीच सांगतो, मी जुन्या वस्तूंचा कलेक्टर वगैरे नाही, आमच्या खात्यात कलेक्टर म्हणजे वेगळेच साहेब. साताऱ्यात भूमी अभिलेखला तीस वर्षं मोजणी केली आणि रिटायर झालो. भाचा इंग्लंडात डर्बीला इंजिनिअर आहे, त्यानं एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, मामा इथं जुन्या नकाशांचं दुकान आहे, एखादा हवाय का तुम्हाला. आता हे काय विचारणं झालं!

घेतला तो रॉबर्ट मॉर्डन ह्या जुन्या नकाशेवाल्याचा डार्बिशायर काउंटीचा नकाशा, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. ब्रिटनचं वर्णन करणाऱ्या कॅम्डनच्या ब्रिटानिया ग्रंथाची १६९५ ची जी आवृत्ती निघाली तिच्यात हे काउंटीचे नकाशे घातले होते, त्यातलाच हा एक. मला सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास पडला. त्याच दुकानात जॉन स्पीडचाही डार्बिशायर होता, १६१० च्या सुमाराचा, कोपऱ्यात डर्बी गावाचा प्लॅन, राजेरजवाड्यांची चिन्हं, लय नटवलेला, पण किंमत ऐकून भाचाच म्हणाला, मामा नको. आणि खरं सांगू का, स्पीडच्या नकाशात रस्तेच नाहीत. त्याच्या आधीच्या सॅक्सटनच्या १५७९ च्या ॲटलासमध्ये पण नाहीत. नद्या आहेत, पूल आहेत, पण पुलावर जायचं कुठून ते नाही. मॉर्डनमध्ये दुहेरी रेघेनं मोठे रस्ते दाखवलेत. १६७५ ला ऑगिल्बीनं चाक फिरवून इंग्लंडातले रस्ते मोजले होते, त्या कामाचा फायदा ह्याला मिळालाय. मोजणीवाल्या माणसानं रस्ते नसलेला नकाशा भिंतीवर कशाला लावायचा, म्हणून हाच घेतला.

पार्सल उघडलं तेव्हा पहिल्यांदा कागदच बघितला. जाडसर, उजेडात धरला की साधारण इंच-इंचावर उभ्या रेघा दिसतात, मधोमध घडी आहे कारण ग्रंथात दुमडून शिवलेला होता. तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरून दाबून छापायचे, त्यामुळं नकाशाच्या भोवती पत्र्याच्या कडेचा वळ उठलाय, बोट फिरवलं की लागतो. हा वळ लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावर रडायचंय.

मग सोनाराकडनं आणलेलं भिंग घेऊन बसलो, ते दोन दिवस उठलोच नाही.

डोंगर म्हणजे अगदी वारुळं! एकाशेजारी एक टेकाडं काढलीत, प्रत्येकाच्या उजव्या अंगाला बारीक रेघांची सावली, आणि सगळी साधारण एकाच मापाची. उत्तरेकडं पीक नावाचा डोंगराळ भाग आहे तिथं वारुळांची नुसती गर्दी. त्या भागातला सगळ्यात उंच किंडर स्काउट ६३६ मीटर, म्हणजे आमचं सातारा गावच त्याहून उंचावर बसलंय, पण नकाशावरनं काही कळत नाही, कुठला डोंगर आणि कुठली टेकडी सगळं सारखंच. डोंगर आहे एवढं सांगायचं, किती आहे ते नाही. आपल्या टोपोशीटला, म्हणजे सरकारी नकाशाला, ५० हजार स्केलला दर २० मीटरला कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ असते, ती सवय असलेल्या माणसाला हे आधी पोरखेळ वाटतं. पण जरा वेळ बघत बसलं की वाटतं, चालत जाणाऱ्याला डोंगर असाच तर दिसतो की, समोरून. डोंगर वरनं बघायची सोय होती कुणाला तेव्हा?

नद्या मात्र झकास. डरवेंट नदी उत्तरेला केसाएवढी बारीक निघते, खाली येता येता दोन रेघांची होते आणि दक्षिणेला ट्रेंटला मिळते, पूल असेल तिथं आडव्या दोन छोट्या रेघा. डव्ह नदी म्हणजे शेजारच्या स्टॅफर्डशायरची हद्दच. गावं म्हणजे बारीक गोल आणि त्याला चिकटलेलं इवलंसं चर्च, मोठं गाव असलं की इमारतींचा पुंजका आणि नावाचं अक्षर मोठं. हंड्रेड म्हणून त्यांचा विभाग असतो, आपला तालुका समजा, त्याची हद्द ठिपक्यांची आणि नाव फाकवून लिहिलेलं. अक्षरांची एक गंमत, जुना लांब एस एफसारखा दिसतो, त्यामुळं मी अर्धा दिवस अॅशबोर्नला अॅफबोर्न म्हणत होतो, भाचा हसला.

काउंटीच्या हद्दीबाहेर सगळं कोरं! फक्त अमक्या शायरचा भाग म्हणून लिहिलंय. हे बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आपल्या गाव नकाशातही तेच, शिवेपर्यंत सगळं आणि शिवेपलीकडं नुसतं शेजारच्या गावाचं नाव.

स्केलची पट्टी एक नाही, तीन आहेत. मोठे मैल, मधले मैल, लहान मैल! १७६० यार्डाचा मैल कायद्यानं १५९३ लाच ठरला होता, पण शंभर वर्षांनीही लोक आपापल्या भागातलाच मैल धरत होते, मग मॉर्डननं तिन्ही देऊन टाकले, ज्याला जो पाहिजे तो त्यानं घ्यावा. आपल्याकडं गावोगावचा कोस वेगळा असायचा त्यातलाच प्रकार. १६२० ला गंटरनं जमीन मोजायची ६६ फुटांची साखळी काढली, कायद्याच्या मैलात तिच्या बरोबर ८० साखळ्या बसतात, आणि आपला गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, त्याच साखळीची निम्मी बाजू. जन्मभर जी ओढली तिचं मूळ तिकडं.

चौकटीवरचे आकडे काय ते आधी कळेना. खालच्या कडेला लंडनपासूनचे रेखांशाचे अंश, आणि वरच्या कडेला तेच वेळेच्या मिनिटांत! म्हणजे लंडनला सूर्य डोक्यावर आला की डर्बीला अजून साडेपाच मिनिटं बाकी. लगेच साताऱ्याचा हिशेब केला, आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि गाव चौऱ्याहत्तरवर, म्हणजे इथं सूर्य सरासरी बारा चौतीसला डोक्यावर. बायको म्हणाली, म्हणजे जेवण अर्धा तास उशिरा वाढू का.

आता मला खटकलेलं. जागोजागी कुंपणाचे गोल आहेत, एकेक खुंट काढलेला, मधे झाडं. ही सरदार-उमरावांची हरणं पाळायची राखीव रानं. कुंपण इतकं निगुतीनं काढलंय आणि शेत म्हणून एक रेघ नाही! बांध नाही, वहिवाट नाही, विहीर नाही. तीस वर्षं मी ज्याच्यापायी उन्हात उभा राहिलो ते काहीच ह्यात नाही. असले ग्रंथ घेणारी मंडळी कोण होती ते ह्यावरनं कळतं. मॉर्डननं गावोगाव फिरून मोजलंही नव्हतं, पायाला सॅक्सटनचंच जुनं काम होतं आणि दुरुस्त्या तिथल्या जाणत्या लोकांकडनं मागवल्या. नव्यानं मोजा म्हणून तिकडं १७५९ ला सोसायटी ऑफ आर्ट्सनं १०० पौंडांचं बक्षीस लावलं, तेव्हा कुठं हळूहळू चांगल्या मोजण्या व्हायला लागल्या.

दुकानदाराबद्दल. पॅकिंग एक नंबर, पुठ्ठ्याची जाड नळी, आत पातळ कागद, कोपरा पण मुडपला नव्हता. पण लिहिलं होतं जुना रंग, ते काही पटलं नाही. जुना हिरवा रंग तांब्याच्या गंजाचा असायचा, तो कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी उमटतो. ह्याची पाठ कोरी करकरीत. रंग अलीकडं कुणीतरी भरलाय, भरलाय छान, पण तसं सांगा की राव. भाच्यानं जाऊन विचारल्यावर थोडे पैसे परत दिले, म्हणून तीन स्टार.

खरी वाट लावली ती इथं गावातल्या फ्रेमवाल्यानं. नाव लिहीत नाही, रोज तोंड बघायचंय. तयार फ्रेम होती तिच्यात बसेना म्हणून पठ्ठ्यानं न विचारता खालची आणि उजवीकडची कड कटरनं उडवली, म्हणजे तो पत्र्याचा वळ दोन बाजूंनी गेला, आणि मागून चिकटवला सेलोटेप. सव्वातीनशे वर्षं टिकलेला कागद, आणि ह्याचं काम दहा मिनिटांचं. वर मला म्हणतो, काका, कोराच कागद होता की तो. ह्याला एक स्टार, तो पण काच स्वच्छ पुसली म्हणून. तुम्ही कुणी असलं काही आणलं तर स्वतः समोर उभं राहा, ॲसिड नसलेला माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममधला पुठ्ठा, मागा, चिकटवू देऊ नका आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

नकाशाला मात्र पाचपैकी पाच. हॉलमध्ये लावलाय. परवा शेजारचे अण्णा आले, त्यांची भावकीशी बांधावरनं बारा वर्षं केस चालू आहे. चष्मा लावून अर्धा तास बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात बांध कुठायत?" म्हटलं नाहीत. तर म्हणतात, "मग ही माणसं भांडत कशावरनं असतील?"