कुंईकुंई करणारे शॉकअप: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पाचव्या महिन्यात मी हे शॉकअप परत करायला निघालो होतो. खोकंसुद्धा माळ्यावरून खाली काढलं होतं. आज दहा महिने झाले, तेच चार शॉकअप गाडीखाली आहेत आणि आता मी ते बदलणार नाही. मधे काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या गाडीला हा आवाज आहे त्यांनी माझ्यासारखे भलत्या ठिकाणी पैसे घालू नयेत.

गाडी जुन्या घडणीची आहे, लॅडर चासी (शिडीसारखी लोखंडी चौकट) आणि मागे स्प्रिंगचे पाटे. शॉकअप मोनोट्यूब (तेल आणि वायू एकाच नळकांड्यात), नायट्रोजन भरलेले, पॉलियुरेथेन बुशांचे. बुश म्हणजे शॉकअपच्या टोकाच्या कडीत बोल्टभोवती बसणारं गोल अस्तर, इथे रबराऐवजी पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकचं, थोडक्यात ‘पॉली’. बाकी माहिती सगळ्यांना ठाऊक आहे. चालीबद्दल एवढंच सांगतो की खडबडीत रस्त्यावर तासभर सलग चालवलं तरी शेवटचा खड्डा पहिल्यासारखाच झेलतात. कंपनीचे मूळ शॉकअप अशा रस्त्यावर अर्ध्या तासात तापून ढिले पडायचे आणि गाडी होडीसारखी डोलायची. हे काम या शॉकअपनी पहिल्या दिवसापासून चोख केलं आहे.

आवाज तिसऱ्या महिन्यात सुरू झाला. दोन दिवस धुळीचा रस्ता, मधे दोन ओढे, आणि परत येताना गतिरोधकावर बारीक ‘कुंई’. आठवड्याभरात गाडीत चढता-उतरतानाही यायला लागला. शेजारी बसलेला प्रत्येक माणूस विचारायचा, “हे काय वाजतंय?” चांगल्या वस्तूसाठी पैसे साठवून घेतलेल्या मालाबद्दल हा प्रश्न दर वेळी ऐकणं मला फार लागायचं.

विक्रेत्याला फोन केला. पहिलं उत्तर, “ऑफरोडचा माल आहे, आवाज येणारच.” दुसऱ्यांदा म्हणाले, चारही काढून पाठवा, तपासून कळवू. किती दिवस लागतील ते सांगेनात. तोवर गाडी कशावर चालवायची, यालाही उत्तर नाही. आवाजाचा व्हिडिओ पाठवला, तो तीन आठवडे कोणी उघडला नाही. याचा राग माझ्या मनात अजून आहे आणि पुढचं सगळं वाचून तो कमी झाला असं कोणी समजू नये.

मग माझ्या चुका. आधी गंज सोडवायचा स्प्रे सगळ्या बुशांवर मारला. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठा आवाज. असा पातळ स्प्रे बुशमध्ये उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. त्यानंतर आवाज पाट्यांचा असेल म्हणून पाट्यांमधले पॅड बदलून घेतले. तो खर्च पूर्ण वाया गेला. पॅड चांगले होते.

खरी खूण पावसाने दिली. पाऊस पडला की आवाज बंद, रस्ता वाळला की पुन्हा सुरू. शॉकअपच्या आत तेल व्हॉल्व्हमधून जाताना जो ‘सुंऽ’ असा आवाज येतो, त्याचा पावसाशी काही संबंध नसतो, आणि तो आवाज दोषही नव्हे. पाण्याने थांबणारा आवाज म्हणजे बाहेर कुठेतरी दोन पृष्ठभाग कोरडे घासताहेत.

म्हणून धाकट्या भावाला मागच्या बंपरवर उभं करून गाडी हलवायला लावली आणि मी पाण्याची बाटली घेऊन खाली शिरलो. एका वेळी एकच बुश भिजवायचा, मग ऐकायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: सुरुवात खालच्या बुशापासून करा. वरून पाणी टाकलं तर ते ओघळून खालचाही भिजतो आणि कोणता बोलत होता ते कळत नाही. मागे वरचे दोन्ही बुश सापडले. मग भावाला पुढच्या बंपरवर उभं केलं, तिथे उजवीकडचा खालचा. बाकीचे गप्प होते.

बोल्ट काढल्यावर कारण समोर दिसलं. पॉली बुश मधल्या लोखंडी नळीभोवती फिरतो. ती नळी ब्रॅकेटच्या (शॉकअप गाडीला जिथे बोल्टने जोडतात त्या पकडीच्या) दोन कानांमध्ये घट्ट आवळलेली असायला हवी, म्हणजे ती जागच्या जागी राहते आणि हालचाल बुश आणि नळीच्या मधल्या ग्रीसवर होते. माझ्याकडे व्हर्नियरने मोजलं तर नळी बुशाच्या एकूण रुंदीपेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर आखूड निघाली. म्हणजे बोल्ट कितीही आवळा, कान नळीला पोचायच्या आधी पॉलीच्या कडेवर दाबले जात होते. कानांच्या आतल्या बाजूला रंग उडून गोल चकचकीत चट्टे पडले होते. नळीवर ग्रीसचा मागमूस नव्हता, होती ती बारीक धूळ.

इथे माझं एक मत बदललं. तोवर मी मेस्त्रींना दोष देत होतो, की त्यांनी चाकं लटकत असताना बोल्ट आवळले. रबरी बुशाला हा नियम खरा आहे. रबर घसरत नाही, स्वतःतच पिळतं, म्हणून गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचं, नाहीतर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉली बुश मोकळा फिरतो, त्यामुळे तिथे मेस्त्रींची चूक नव्हतीच. मी जाऊन त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, पण मी मोजून बघायला पाहिजे होतं.” मापाची जबाबदारी माझ्या मते माल बनवणाऱ्याची आहे. खोक्यातल्या कागदावर ग्रीसबद्दल एक ओळही नाही.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून बुशांच्या कडा थोड्या थोड्या घासल्या, मधे मधे मोजत, जोवर नळी अगदी किंचित बाहेर येत नाही तोवर. नळी पुसून सगळीकडे सिलिकॉन ग्रीस, कडांवरही. साधं पेट्रोलियम ग्रीस घातलं नाही, कारण जवळच स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आहेत आणि ते त्याने फुगून खराब होऊ शकतात. शिवाय ओढ्यात गाडी घालणाऱ्याला पाण्यात टिकणारंच ग्रीस हवं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

त्याला आता पाच महिने झाले. चिखल, पाणी, धूळ सगळं झालं, आवाज नाही. फक्त एकदा खूप थंड सकाळी मागून डावीकडे पहिले दोन-तीन धक्के बारीक वाजलं आणि थांबलं.

एक तक्रार राहतेच. बुशाला ग्रीस निप्पल (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड) नाही, त्यामुळे ग्रीस द्यायचं तर दर वेळी बोल्ट काढा. शॉकअपच्या कडीला भोक पाडून निप्पल बसवायचा सल्ला एकाने दिला. तो मी मानला नाही, कुणीही मानू नये. टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, मोनोट्यूबमधला नायट्रोजन त्याच्या कितीतरी पट दाबाचा असतो. शॉकअपच्या त्या नळकांड्याजवळ ड्रिल किंवा वेल्डिंग नेणं जिवावर बेतू शकतं.

त्यापेक्षा त्याच मापाचे रबरी बुश मी आणून ठेवलेत. वळणावर गाडी जरा मऊ वाटेल, ते चालेल. पॉली पुन्हा बोलले की त्या दिवशी हे बसतील. नळीची आणि बुशाची मापं आधीच घेऊन झाली आहेत, या वेळी नळी लांब आहे.