सोबर दाखवू का, काकू?

पुतणीचं लग्न ठरलं, म्हणून मागच्या महिन्यात लेकीला घेऊन साताऱ्याहून पुण्याला गेले होते. लक्ष्मी रोडवरचं तीन मजली, कायम गजबजलेलं साडीचं दुकान. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं तशी वाईट नव्हती. त्या भागात खरेदीला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू. स्वारगेटला उतरून मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. तिथून चालत. रिक्षावाल्यांशी घासाघीस वाचते.

मानपानाच्या सहा साड्या तळमजल्यावर वीस मिनिटांत झाल्या. सातशे ते नऊशेच्या दरम्यान, रंग पक्के वाटले, खोक्यात घालून नीट बांधून दिल्या. तक्रार नाही.

मग स्वतःसाठी घ्यायला वर गेलो. तिथे अजून जुन्या पद्धतीची गादी आहे, पांढरी चादर घातलेली. लेक चप्पल काढून मांडी घालून बसली. मी पदर सावरून बसणार, तोवर एक मुलगा माझ्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला. मी मागितलं नव्हतं. "बसा काकू, खाली त्रास होईल." आजूबाजूला पाहिलं. गादीवर बसलेल्या सगळ्या तिशीच्या आतल्या आणि कडेला स्टुलांवर आम्ही तिघीचौघी. अपमान झाल्यासारखं वाटलं आणि बसले त्यावरच, कारण डावा गुडघा खरंच दुखतो. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, काय करणार?

मी 47 ची. 'काकू' काही पहिल्यांदा ऐकलं नाही. पतपेढीत मी मॅडम, आमच्या मंडईत बरीच वर्षं ताई, मग वहिनी झाले. वहिनीची काकू नक्की कुठल्या दिवशी झाले ते आठवत नाही. केस रंगवायचे थांबवले त्याच्या आसपास असावं. रेल्वे त्याबाबतीत निदान स्पष्ट आहे. बाई 45 ची झाली की तिला लोअर बर्थच्या कोट्यात घेतात. एसटी त्याहून बरी. 17 मार्च 2023 पासून बाईला सरसकट अर्धं तिकीट, आता कंडक्टर वयाची चौकशीच करत नाही.

तर विक्रेता, पंचविशीतला, गोड बोलणारा पोरगा. लेकीला विचारलं, "मॅडम, काय बघायचं?" मला विचारलं नाहीच, सांगितलं, "काकू, तुमच्यात सोबर दाखवतो." आणि घड्या उलगडायला लागला. बिस्किट. पिस्ता. ओनियन. कॉफी. एवढे खायचे पदार्थ समोर मांडले, पण नेसावंसं एक वाटेना. मी म्हटलं, जरा गडद दाखव, गुलबक्षी, चिंतामणी, असं काही. तो हसला आणि आणखी एक मोतिया रंगाची काढली. "ही बघा, वयाला एकदम शोभून दिसेल."

कोणाच्या वयाला? मी सांगितलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या ढिगातली एक राखाडी टसर सुंदर होती. बारीक काळा काठ, हाताला मऊ. पंचविशीत कुणी दाखवली असती तर डोळे झाकून घेतली असती. पण पंचविशीत ती कुणी दाखवत नाही, आणि आता दुसरं काही दाखवत नाहीत. तिथे माझं बिनसलं.

खरी गंमत शेजारी चालू होती. लेकीपुढे त्याच पोरानं इरकलींचा ढीग टाकला होता. वांगी रंगाची, हिरवीगार, काळी, आणि प्रत्येकीला तो लालभडक पदर, पांढऱ्या नक्षीचा. एकीचा पदर उलटा करून पाहिला. अंगाचे धागे आणि पदराचे धागे जिथे मागावर एकमेकांत अडकवलेले असतात, ती आडवी रेघ बोटाला लागते. माझ्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं की ती रेघ गालाला लागायची. आजी शेवटपर्यंत इरकल नेसली, नऊवारी, हिरवी नाहीतर जांभळी, आणि सोबर हा शब्द तिच्या कानावर कधी गेला असेल असं वाटत नाही. आता तीच साडी दुकानात 'ट्रेंडिंग' म्हणून एकवीस वर्षांच्या पोरीला दाखवतात. खणाच्या साड्यांचंही तेच. आजीचं नेसणं नातीकडे गेलं, मधल्या मधे माझ्या वाट्याला बिस्किट.

मी पोराला म्हटलं, हाच ढीग माझ्यापुढे टाक. तो गोंधळला. "काकू, हे यंग लोकांचं आहे ना." लेक मान खाली घालून हसत होती. (तिला नंतर रसवंतीत झापलं.)

तेवढ्यात पलीकडचे जुने विक्रेते उठून आले. साठीचे असतील, मिशी पांढरी आणि केस मात्र कुळकुळीत काळे. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून एक गुलबक्षी नारायणपेठ ओढली, भराभर निऱ्या घातल्या, स्वतःच्या शर्टावरूनच कमरेला खोचल्या आणि पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभे राहिले. पोट पुढे, चष्मा नाकावर, छातीवर झळझळीत गुलबक्षी आणि जरीचा काठ. "असा पडतो बघा पदर. कडक नाही, चापूनचोपून बसतो." दिवसातून पन्नास वेळा हा माणूस राणी रंग, पोपटी, शेंदरी अंगावर घेत असेल, आणि त्याला वय कुणी विचारत नसेल.

घेतली. 3,850 रुपये, कमी केले नाहीत. तिथे भाव करत नाहीत, तशी पाटीच आहे. राखाडी टसरही मनात घोळत होती, पण बजेट संपलं. लेकीनं वांगी रंगाची इरकल घेतली, ती मी तिच्याआधी नेसणार आहे, तसं तिला सांगून ठेवलंय.

आता सेवेबद्दल. वरच्या मजल्याला लिफ्ट आहे, पण ती सामानानं भरलेली असते. पाणी विचारतात, चहा नाही. बदलून सात दिवसांत देतात, फॉल लावला नसेल तर. आरसा एकच, तोही ट्यूबलाइटखाली, त्यामुळे रंग एक घडी खिडकीशी नेऊन बघावा. मी नेली तेव्हा कुणी अडवलं नाही. बिलाच्या काउंटरवर मुलीनं लेकीला मॅडम आणि मला परत काकू म्हणून मोबाइल नंबर मागितला. नंबर माझा, पैसे माझे.

साडीचा माल चांगला, म्हणून चार तारे देते. पाचवा कापला तो काकू म्हटल्याबद्दल नाही. फॉल-पिकोला दीडशे रुपये घेतले, आठ दिवसांनी कुरिअरनं घरी पाठवलं, आणि उघडून बघते तर गुलबक्षी साडीला फॉल लावलाय बिस्किट रंगाचा! फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "काकू, आतून असतो, दिसत नाही." चालताना दिसतो. मी उसवून इथल्या शिंप्याकडे टाकलीय, मॅचिंग फॉल सत्तर रुपयांना मिळाला. लग्न पंधरा तारखेला आहे, ब्लाउज अजून शिवायचाय.